हवालदार बोलेना

आमच्या घरात हवालदार म्हणजे तितर, पोलिसातला नव्हे. छाती पुढं काढून पिंजऱ्यात येरझाऱ्या घालतो आणि दारात नवं माणूस आलं की मान उंच करून नीट तपासून घेतो, म्हणून माझ्या लेकानं, सोमेश्वरनं, त्याला हे नाव दिलं. ऊसतोडीला निघालो की ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या वर त्याचा पिंजरा असतो आणि कारखान्यावर कोपीच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, दाराशी त्याची जागा ठरलेली असते. तितर पाळायलाही बंदी आहे आणि धरायलाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळं अनोळखी माणसानं विचारलं तर ती एका जातीची कोंबडी असते.

धारूरच्या डोंगराला लागून आमची वस्ती आहे. आसपासच्या गावांत ‘गहिनीनाथचा तितर’ म्हणून त्याची वट आहे. गहिनीनाथ म्हणजे आमचे हे. नाव माझ्या तोंडून निघत नाही, लोक घेतात म्हणून सांगितलं. ह्यांचा तितर डोंगरात बोलला की जंगली नर धावत येतो आणि पिंजऱ्याभोवतीच्या फाशांत पाय अडकवून घेतो. हल्लीची पोरं मोबाईलवर तितराचा आवाज लावून बसतात. ह्यांना ते अजिबात पटत नाही. जित्या पाखराला जितंच पाखरू बोलावतं, असं म्हणतात आणि पारावर बसून मिशीवरून हात फिरवतात.

पण त्या जित्या पाखराला जितं ठेवलं कुणी? मी. ह्यांनी त्याला उसाच्या फडातून आणला तेव्हा तो मुठीत मावत होता. वाळवीची ढेकळं फोडून एकेक किडा मी त्याला भरवला. थंडीत पदराखाली झोपवला. त्याला बोलायला शिकवणारं कुणी नव्हतं, तसं मलाही नव्हतं. डोंगरातले तितर पहाटे बोलायचे, आम्ही दोघं ऐकायचो आणि मग दोघंही बोलून बघायचो. मूठ तोंडाशी धरायची, जीभ टाळूला लावायची आणि पोटातून दम सोडायचा. आधी मला जमलं, मग त्याला.

तेव्हापासून नेम पडला. पहाटे मी पिंजऱ्यावरचं फडकं काढायचे, एकदा बोलायचे आणि हवालदार उत्तर द्यायचा. एकदा त्याचं तोंड उघडलं की मग दिवसभर त्याला थांबवणं मुश्कील. हे त्या वेळी म्हशीला घेऊन हौदावर असायचे. तिथून त्यांना आवाज ऐकू जायचा आणि घरी येऊन म्हणायचे, आज हवालदार काय झकास बोलला. त्यातलं निम्मं बोलणं माझं असायचं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

नवी नवरी होते तेव्हा एकदा म्हणाले होते, मलाही न्या शिकारीला. ह्यांनी माझ्या हातांकडं बघितलं होतं. ‘‘बांगड्या वाजत्यात. पाखरू उडंल. तू चूल बघ.’’ मी चूल बघितली. लेक मोठा झाला, त्याचं लग्न झालं, तरी मी चूलच बघत होते. ह्यांनी आणलेला प्रत्येक तितर मी सोलला, पण जिवंतपणी पळताना एकही बघितला नाही.

आणि मग मंजुषा आली.

मंजुषा माझी सून, धर्मापुरीची. कामाला चांगली आहे, खोटं का बोला. पहिल्याच हंगामात मोळ्या अशा बांधल्या की मुकादमानं मला बाजूला घेऊन विचारलं, ही कुठून आणली. पाडव्याच्या सुमाराला आम्ही गावी परतलो. सोमेश्वर ट्रॅक्टर चालवायला कारखान्यावरच मागं राहिला, म्हणून घरात आम्ही तिघंच. एका संध्याकाळी जेवताना तिनं सरळ ह्यांना विचारलं, मामा, मला तितर धरायला शिकवता का?

मी भाकरी थापत होते. हात तसाच ठेवून मी वाट बघत राहिले. आता बांगड्यांचं निघेल. तिच्या हातात तर हिरव्या काचेचा चुडा भरलेला होता, नुसतं ताट सरकवताना खळखळ वाजत होता. ह्यांनी तिच्या हातांकडं बघितलं. मग उठले, पिंजऱ्यावरचं फडकं ओढलं, त्याची कडेची पट्टी टर्रकन फाडली आणि तिच्यापुढं ठेवली. ‘‘ही बांगड्यांवर गुंडाळ. मंग वाजत न्हाईत.’’

ते फडकं माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचं होतं. चिंधी फाडायला ह्यांना डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढा वेळ लागला. ती चिंधी माझ्यासाठी एवढ्या वर्षांत सुचली नव्हती. तव्यावरची भाकरी जळाली ते मला वासावरून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आधी पिंजऱ्याशिवायच. दोघं डोंगरात जायचे आणि नुसते बसून यायचे. कारण शिकाऱ्याला आधी बसता आलं पाहिजे, असं ह्यांचं म्हणणं. मग तितर धुळीत कुठं लोळतो, त्याची विष्ठा कशी ओळखायची, पायाचा ठसा ताजा की शिळा, वारा कुठल्या अंगाला ठेवायचा. रात्री चुलीपुढं पुन्हा त्याचीच उजळणी. ज्या माणसानं ‘मीठ कमी पडलंय’ याच्यापुढं मला कधी काही सांगितलं नाही, तो माणूस आता ताट वाळेपर्यंत बोलत होता. मी भांडी जरा जोरात घासली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एका रात्री मंजुषानं विचारलं, तितर पोटभर खाल्लेला असला तरी पिंजऱ्याकडं का येतो?

‘‘त्यो भुकेपायी येतच न्हाई, पोरी,’’ हे म्हणाले. ‘‘आपल्या जागंवर दुसरं कुनी बोलतंय, येवढंच त्याला सोसत न्हाई. म्हनून जिथं त्यो पहाटं पहिला बोलतो, तिथंच आपला पिंजरा मांडायचा. बाकी सगळं त्योच करतो. पाय बी त्योच अडकिवतो.’’

मला हे सारं पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं, आणि तेही दुसरीला सांगताना. मग त्यांनी घराण्याची रीत सांगितली. शिकणाऱ्याच्या पहिल्या शिकारीचं काळीज शिकवणाऱ्याच्या ताटात पडतं. त्यांनी त्यांच्या वडलांच्या ताटात घातलं होतं. ‘‘आता तू माझ्या ताटात घालशील,’’ असं म्हणून हसले. ते काळीज भाजणार मी होते, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही.

ज्या दिवशी पिंजरा घेऊन निघायचं ठरलं, त्या पहाटे मी फडकं काढलं, वाळवी टाकली आणि पाठ फिरवली. बोलले नाही. हवालदारानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. तो थांबला. मीही चुलीशी जाऊन बसले. त्याच्याशी माझं काही भांडण नव्हतं, पण माझ्याजवळ बंद करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

डोंगरात तो बोलला नाही. दोघं मोकळ्या हातानं परत आले. हे म्हणाले, कधी कधी होतं असं. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही, तिसऱ्याही नाही. मग ह्यांनी कारण शोधायला सुरुवात केली आणि ते त्यांना लगेच सापडलं. मंजुषानं पिंजऱ्याचं फडकं साबणानं धुतलं होतं. फडक्याला साबणाचा वास आला, पाखरू बिथरलं, एवढी अक्कल नसेल तर शिकारीचं नाव कशाला घ्यावं. मंजुषा खाली मान घालून ऐकत होती. मी तिला त्या रात्री भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला. एवढं लोणी तिला मी आजवर कधी वाढलं नव्हतं.

मला बरं वाटत होतं. अगदी मनापासून बरं वाटत होतं. ती रोज चिंधी गुंडाळून जायची, रोज तोंड पाडून यायची, आणि हे पुन्हा पहिल्यासारखे मीठ कमी म्हणण्यापुरते बोलायला लागले. पण आठवडा उलटल्यावर हे जेवताना म्हणाले, उद्या शेवटचं. उद्या नाही बोलला तर हवालदाराला डोंगरातच सोडून देतो, मुका तितर पोसून काय करायचं. आणि मंजुषाकडं न बघता म्हणाले, तूही मग घरचं बघ.

तिनं घरचं बघावं हेच तर मला हवं होतं. हवालदार मात्र सोडायला नको होता. आयतं खाऊन वाढलेलं पाखरू ते. डोंगरात त्याला पहिलं मांजर भेटलं की संपलं. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर झाले. एकदा बोलले की हवालदार वाचत होता, पण मग तीही शिकत होती आणि काळीज ह्यांच्या ताटात पडत होतं.

पहाटे फडकं काढलं. बोलायला मूठ तोंडाशी नेलीसुद्धा. तेवढ्यात मंजुषा पिंजरा न्यायला आली, तिच्या मनगटावर माझ्या लुगड्याची हिरवी चिंधी. मी मूठ खाली घेतली आणि तिच्या हातात पिंजरा दिला.

ते दोघं गेले आणि मला घरात बसवेना. म्हटलं, निदान हवालदाराला सोडतील तिथून धरून तरी आणू. आणि तिचं तोंड कसं पडतं तेही डोळ्यांनी बघायचं होतं, ते का लपवू. ते दोघं पिंजरा सांभाळत वळणाच्या रस्त्यानं गेले होते. मी ओढ्याच्या वाटेनं सरळ चढले आणि त्यांच्या आधी पोचले. जाताना बांगड्या वर कोपराकडं सरकवल्या. तिथं हाताला घट्ट बसल्या की वाजत नाहीत. चिंधीसुद्धा लागत नाही. इतकी साधी गोष्ट.

ह्यांची जागा मला ठाऊक होती, शिकवणी ऐकून पाठ झाली होती. मी तरवडाच्या दाट झुडपामागं बसले. थोड्या वेळानं दोघं आले. पिंजरा मांडला, भोवती खुंट्या ठोकून नायलॉनचे फासे लावले आणि मागं सरकून बसले. उजाडलं. पलीकडच्या उतारावर जंगली तितर बोलायला लागले. हवालदार गप्प. वाळवी टिपत होता आणि मधूनच इकडंतिकडं बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी मूठ काही वर नेली नाही.

बऱ्याच वेळानं हे गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. मंजुषा उठली नाही. तिची नजर जमिनीवर होती, पायवाटेवर. तिथून नजर हळूहळू सरकत माझ्या झुडपापर्यंत आली. मी श्वास रोखला. मग तिनं मूठ तोंडाशी धरली आणि ती बोलली.

तो आवाज माझा होता.

माझा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. त्यामुळं शेवटच्या सुरात थोडा वारा मिसळतो. मंजुषाचे दात धड आहेत. तरी तिनं तो वारा तसाच्या तसा घातला होता. जमलं काही नव्हतं तिला, सुरुवात कच्ची आणि दम मध्येच तुटलेला. पण बोली माझी. पदराखाली पाखरू धरून मी मिळवलेली, कुणी शिकवलेली नाही, कुणाकडून मागून आणलेली नाही. नवरा शिकवायला घेतला, चिंधी घेतली, आता हेही घेते. माझं डोकं फिरलं. काही कळायच्या आत मूठ तोंडाशी गेली आणि मी पोटातून पूर्ण दम सोडून उत्तर दिलं.

हवालदारानं उडीच मारली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्याच्या गळ्यातून बाहेर आलं. तो बोलला, मी बोलले, तो पुन्हा बोलला. आमचा नेमच होता तो, थांबणार कसा?

ह्यांचा चेहरा मला पानांमधून दिसत होता. असा उजळलेला मी तो लग्नातही बघितला नव्हता. ‘‘नर हाय,’’ ते मंजुषाच्या कानाशी कुजबुजले. ‘‘जुना हाय, लई दमाचा. हालू नगं.’’ मग ते पोटावर झोपले आणि सरपटत पिंजरा माझ्या झुडपाकडं सरकवायला लागले. एकेक खुंटी उपटून माझ्या बाजूला लावली. इतके जवळ आले की त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. हवालदार बोलला. मीही बोलले, त्यांच्यापासून हातभर अंतरावरून. ह्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

मंजुषा तिकडं सरळ उभी राहिली. ‘‘मामा, फासे गुंडाळा. त्या आत्याबाई हायत.’’

हे आधी तिच्यावर चिडले, पाखरू उडेल म्हणून. मग मी झुडूप बाजूला केलं. ते जमिनीवर पालथे, हातात खुंटी, आणि मान वर करून माझ्याकडं बघतायत.

‘‘तू?’’ ते म्हणाले. ‘‘तू कवापासून बोलतीस?’’

‘‘हवालदार पिल्लू व्हता तवापासून.’’

‘‘मला तर कदी ऐकू आलं न्हाई.’’

‘‘रोज आलं,’’ मी म्हणाले. ‘‘तुमी हवालदार समजून ऐकलं.’’

ते उठून बसले आणि पिंजऱ्याकडं बघत राहिले. मला वाटलं होतं, हे कधी कळलं तर त्यांना माझं कौतुक वाटेल. त्यांच्या तोंडावर कौतुक नव्हतं. आपल्याच रानात आपण वाट चुकलो हे कळल्यावर माणसाचं तोंड होतं, तसं झालं होतं. आणि तेवढ्यात मला कळलं की माझा जळफळाट एवढे दिवस चुकीच्या माणसावर चालला होता. सुनेला घरात येऊन वर्ष झालं नाही, तिनं आवाज ओळखला. ज्यांच्याबरोबर जन्म काढला ते हातभर अंतरावर येऊन फासा लावत होते.

परतताना हे बरेच पुढं निघून गेले. मी मंजुषाला विचारलं, तुला कसं कळलं मी तिथं आहे? ती म्हणाली, पायवाटेवर तुमच्या चपलेचा ठसा होता, उजवी टाच झिजलेली आहे. तिची खोली पिंजऱ्याच्या भिंतीला लागून आहे. माझं पहाटेचं बोलणं ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. ते कधी बंद झालं, तेही तिला त्याच दिवशी कळलं होतं.

‘‘मंग एवढ्या शिव्या कशापायी खाल्ल्या?’’ मी म्हणाले. ‘‘मामांना सांगायचं.’’

‘‘सांगितलं असतं तर तुमी परत कदीच बोलला नसता,’’ ती म्हणाली. ‘‘मामांनीच सांगितलंय न्हवं, तितर बोलवायचा कसा ते. तुमच्या जागंवर बोलले. तुमी बोललात.’’

म्हणजे तिची पहिली शिकार मी. मला तिचा राग आला. मग कौतुक वाटलं. मग कौतुक वाटल्याचाही राग आला. मी म्हणाले, दम मध्येच तोडतेस, आधी पोट भरून घ्यावं आणि मग जीभ लावावी. ती वाटभर करून बघत होती आणि मी चुका काढत होते.

त्या रात्री घरात पाखरू नव्हतं, नुसतं वरण आणि वांगं. मंजुषानं वाढायला घेतलं. आमच्यात पहिलं ताट ह्यांचं. तिनं सगळ्यात कोवळं वांगं देठासकट उचललं, ह्यांच्या ताटावरून हात पलीकडं नेला आणि माझ्या ताटात ठेवलं. ह्यांनी बघितलं. काळजाची रीत त्यांनीच सांगितलेली, विचारणार काय? मीठ कमी होतं त्या दिवशी, तेही बोलले नाहीत.

आता पहाटे आम्ही दोघी जातो. पिंजरा मी घेते, फासे ती. हे म्हणतात, गुडघे दुखतात, तुम्ही जा. म्हैस तेच बघतात. पारावर कुणी हवालदाराचा विषय काढला तर उठून घरी येतात, असं शेजारची वत्सलाबाई सांगत होती. मी ऐकून घेतलं. मला बरं वाटलं, पण लोणी वाढताना वाटलं होतं तेवढं नाही.

परवा आम्ही खुंट्या ठोकत होतो आणि खालच्या बांधाकडून तितराचा आवाज आला. म्हणजे तितराचा म्हणायचा. सुरुवात चढी, मध्ये दम गेला आणि शेवटी खोकला. हवालदारानं एकदा मान वळवली आणि पुन्हा वाळवी टिपायला लागला. मंजुषाचा हात खुंटीवर थांबला होता. मला ओळखायला शेवटपर्यंत ऐकावं लागलं नाही. पहिल्या सुरालाच कळलं.

मग पुन्हा तोच आवाज आला, या वेळी जरा बरा, आणि मग तो कान देऊन थांबल्यासारखा थांबला.

‘‘आत्याबाई,’’ मंजुषा हळूच म्हणाली, ‘‘उत्तर देऊ का?’’

मी बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि पिंजऱ्याजवळ बसले.

‘‘नगं,’’ मी म्हणाले. ‘‘बोलू दे त्यास्नी अजून. रोज बोलल्याबिगर येत न्हाई ते.’’